गुंठ्याचा अडुसष्टावा हिस्सा

मृगाचा पहिला पाऊस पडला की शहरातल्या माणसाला दोन गोष्टी होतात. एक सर्दी, ती आठवड्यात बरी होते. दुसरी शेती, ती गणपतीपर्यंत टिकते.

या दुसऱ्या दुखण्याची लक्षणं ठरलेली आहेत. रविवारी सकाळी माणूस ‘जरा बघून येतो’ म्हणून नर्सरीत जातो आणि परत येतो तेव्हा रिक्षात त्याला स्वतःला बसायला जागा नसते. मांडीवर मोगरा, पायाशी लिंबू, खांद्याला टेकलेली केळ आणि खिशात बियांची पाकिटं. लिंबू घेताना त्याने “कुंडीत येतं ना हो?” असं विचारलेलं असतं आणि नर्सरीवाल्याने “येतं की!” असं ठासून सांगितलेलं असतं. नर्सरीवाल्याच्या हिशेबी कुंडीत वडही येतो. त्याचा बोन्साय तो शेजारच्याच मांडणीवर विकतो. घरी आल्यावर पालकाचं पाकीट कोपऱ्यातून फाडलं जातं आणि सबंध पाकीट एकाच कुंडीत उपडं होतं, कारण पहिल्याच दिवशी बी हातचं राखणं म्हणजे अपशकुन. आठ दिवसांनी त्या कुंडीत विरारची सकाळची लोकल उगवते. सगळे उभे, सगळ्यांच्या माना वर आणि कुणाचेच पाय धड जमिनीला टेकलेले नाहीत. मग पानं पिवळी पडतात, मावा चढतो, एकेक कुंडी बाल्कनीच्या कोपऱ्यात सरकते आणि अनंत चतुर्दशीच्या सुमाराला माणूस पाहुण्यांना सांगू लागतो, “हौस खूप आहे हो, पण जागा कुठे आहे?”

हा आरोप जागेवर अन्याय करणारा आहे. शहरात जागा कमी हे खरंच. पण बागेचा घात जागा करत नाही, उत्साह करतो. जागेला निदान भिंती असतात. ‘अति तिथे माती’ ही म्हण ज्याने रचली त्याने कुंडीत पालक लावून पाहिलेला असणार. नवशिक्या बागायतदाराला खताच्या आधी कुंपण लागतं, आणि ते रोपांभोवती नव्हे, त्याच्या स्वतःच्याच भोवती.

असं कुंपण शोधून काढण्याचं काम एका सिव्हिल इंजिनिअरकडून व्हावं, हे रीतसरच झालं. बाग पाहिली की कवीला फुलं दिसतात आणि इंजिनिअरला वाया गेलेली जागा. न्यूयॉर्कजवळच्या लाँग आयलंडवर राहणारे मेल बार्थोलोम्यू १९७०च्या दशकात कामधंद्यातून मोकळे झाले आणि तिथल्या एका सामुदायिक बागेत लक्ष घालू लागले. तिथे त्यांना जे दिसलं ते आपल्याला अगदी घरचं वाटेल. वसंतात लांबच लांब ओळी पेरणारी उत्साही माणसं, आणि ऐन उन्हाळ्यात त्याच ओळींकडे पाठ फिरवून बसलेली तीच माणसं. मधल्या मोकळ्या पट्ट्यांत तण माजलेलं. ओळभर मुळा पेरला की तो एकाच आठवड्यात ओळभर तयार. एवढा मुळा खायचा कुणी? दोन ओळींत तीन-तीन फूट अंतर कशासाठी, असं त्यांनी जाणत्यांना विचारलं. मधून चालता यावं म्हणून, असं कळलं. मग मुळात ओळीच कशासाठी? तर पहिल्यापासून असंच करत आलो म्हणून. या उत्तरावर आपल्याकडे घराणीच्या घराणी सुखाने नांदली आहेत. इंजिनिअरचं मात्र समाधान झालं नाही.

ओळ ही शेताची गरज. बैल, नांगर, ट्रॅक्टर यांना फिरायला वाट हवी. बाल्कनीत बैल फिरत नाही. निदान सोसायटीच्या नियमांत तशी तरतूद नाही. तेव्हा बार्थोलोम्यूंनी ओळ मोडली आणि चौकट आणली. चार फूट लांब, चार फूट रुंद, सहा इंच खोल असा एक खोका. त्यावर पट्ट्या किंवा सुतळी बांधून एक-एक फुटाची सोळा घरं. चारच फूट का, तर माणसाचा हात दोन फूट आत सहज पोचतो. दोन्ही बाजूंनी पोचला की चार फूट झाले. वाफ्यात पाय पडत नाही म्हणून माती दबत नाही, दबत नाही म्हणून खणावी लागत नाही. बाल्कनीत एक बाजू भिंतीला लागते, म्हणून तिथे रुंदी दोनच फूट ठेवायची.

आता प्रत्येक घरात किती रोपं लावायची, तर एक, चार, नऊ किंवा सोळा. वांगं, टोमॅटो, ढोबळी मिरची, कोबी ही ऐसपैस मंडळी. त्यांना घरात एकटंच राहायला आवडतं. लेट्यूस सहा इंचांवर, म्हणजे घरात चार. पालक, बीट, झुडपी घेवडा चार इंचांवर, म्हणजे नऊ. मुळा आणि गाजर तीन इंचांवर, म्हणजे सोळा. संपूर्ण कृषिशास्त्र चार आकड्यांत बसवणारं त्यांचं पुस्तक १९८१मध्ये आलं, त्यावर टीव्हीचा कार्यक्रम झाला आणि २०१६मध्ये बार्थोलोम्यू गेले तोवर त्यांचे चौकोन जगभर पोचले होते. आमच्या सोसायटीत ते पोचले तिसऱ्या मजल्यावर.

तिथे बँकेतून निवृत्त झालेले एक काका राहतात. आयुष्यभर ज्यांनी दुसऱ्यांची खाती जुळवली, त्यांना निवृत्तीनंतर जुळवायला काहीतरी हवंच होतं. त्यांनी चार बाय दोनचे दोन वाफे केले, सुतळ्या गुण्यात बांधल्या आणि एक रजिस्टर उघडलं. घर क्रमांक ३, मुळा, १६ नग, पेरणीची तारीख, उगवण, शेरा. महाराष्ट्र सरकारने १५ ऑगस्ट २०२१पासून ई-पीक पाहणी सुरू केली आणि शेतकऱ्याला आपल्या पिकाची नोंद मोबाइलवरून आपणच करायला लावली. काकांना ते कळल्यावर त्यांनी बाल्कनीची नोंद त्या ॲपवर होईल का, याची चौकशी केली. गट क्रमांकाच्या रकान्यात फ्लॅट क्रमांक चालत नाही, एवढ्यावर ते अडलं.

मग सांगलीकडून त्यांचे थोरले बंधू आले. गावाकडे ऊस, द्राक्षं, चारचौघांत वजन. ते बाल्कनीत गेले, बराच वेळ कमरेवर हात ठेवून उभे राहिले आणि म्हणाले, “काय लावलंयस हे?”

“दादा, स्क्वेअर फूट गार्डन. सोळा चौरस फूट आहे, बघा.”

दादांनी मनातल्या मनात हिशेब केला. “गुंठा एक हजार एकोणनव्वद फुटांचा. म्हंजे गुंठ्याचा अडुसष्टावा हिस्सा झाला की रं!”

“हो, पण यातून—”

“बास झालं मग. तुझी वाटणी तू हितंच करून घेतलीस. आता गावाकडच्याचं नाव काढू नगंस.”

दादांचं दुसरं निरीक्षण अधिक मोलाचं होतं. “ह्यात नवं काय हाय? हा तर गादीवाफा. आमी कांद्याचं रोप ह्याच्यावरच टाकतो.” हे अगदी बरोबर आहे. उंच वाफा आपल्या शेतकऱ्याला अमेरिकेने शिकवावा असं काही नाही. नवं आहे ते त्याच्यावरची सुतळी. शेतकरी तीन इंच अंतर डोळ्याने मोजतो. त्याच्या डोळ्यात पिढ्यांची पट्टी आहे. फ्लॅटमधल्या माणसाच्या डोळ्यात ती नसते, म्हणून त्याला सुतळी लागते. कायद्याच्या दृष्टीनेही प्रकरण नाजूक आहे. १९४७च्या तुकडेबंदी कायद्याने शेतजमिनीचे बारीक तुकडे करायला महाराष्ट्रात मनाई आहे आणि काकांनी तर गुंठ्याच्या अडुसष्टाव्या हिश्शाचे पुन्हा सोळा तुकडे केले आहेत. काकांची दोन नातवंडं एकेका घराची मालक आहेत. नातीच्या काकडीचा वेल नातवाच्या मुळ्यात शिरला तेव्हा घरात जो तंटा झाला, तो ऐकून दादांना गावी असल्यासारखं वाटलं. फरक एवढाच की सुतळीचा बांध कोरता येत नाही.

तिसऱ्या मजल्यावर गादीवाफा आला ही बातमी सेक्रेटरींपर्यंत पोचायला वेळ लागला नाही. सेक्रेटरींच्या मते इमारतीचे शत्रू तीन: पाऊस, भाडेकरू आणि झाडं.

“काका, स्लॅबवर लोड येतो,” ते म्हणाले.

काकांनी रजिस्टर पुढे केलं. यातला हिशेब प्रत्येक बाल्कनीवाल्याने वाचण्यासारखा आहे. सोळा चौरस फूट आणि सहा इंच खोली, म्हणजे साधारण सव्वादोनशे लिटर भराव. तो भराव बागेतल्या ओल्या मातीचा असेल तर वजन साडेतीनशे किलोच्या पुढे जाऊ शकतं, आणि मग सेक्रेटरींचं म्हणणं खरं. पण बार्थोलोम्यूंनी पहिल्या पुस्तकात आहे ती माती सुधारायला सांगितली आणि पुढच्या आवृत्तीत मातीच रद्द केली. तिच्या जागी एक तृतीयांश कंपोस्ट, एक तृतीयांश पीट मॉस आणि एक तृतीयांश व्हर्मिक्युलाइट. पीट म्हणजे थंड देशांतल्या दलदलीत हजारो वर्षं साठत आलेलं शेवाळ, आणि व्हर्मिक्युलाइट हे तापवलं की फुलणारं अभ्रकाच्या जातीचं खनिज. दोन्ही पाणी धरून ठेवतात, दोन्ही हलकी. ओलं झालं तरी हे मिश्रण मातीच्या साधारण निम्म्या वजनात बसतं.

“शिवाय,” काका म्हणाले, “विसर्जनाची मिरवणूक बघायला याच बाल्कनीत तुमच्यासकट नऊ माणसं उभी असतात, तेव्हा लोड कुठे जातो?”

सेक्रेटरींनी विषय गळतीकडे वळवला. त्यांच्या या मुद्द्यात मात्र तथ्य होतं. खोक्याच्या तळाला भोकं हवीत, खोका जमिनीपासून विटांवर उचललेला हवा आणि खाली ट्रे हवा. नाहीतर वरच्यांचं खतपाणी खालच्यांच्या वाळत घातलेल्या चादरीवर उतरतं आणि सेंद्रिय शेतीला सोसायटीत कायमचा विरोधी पक्ष तयार होतो.

पीट मॉस आपल्याकडे महाग आणि परदेशी, आणि दलदली खरवडून तो काढायचा हे पर्यावरणवाल्यांनाही पटत नाही. त्याच्या जागी आपल्याकडे कोकोपीट, म्हणजे नारळाच्या सोडणाचा भुसा. पाच किलोची वीट पाण्यात टाकली की फुगून साठ-सत्तर लिटर होते. त्यातले क्षार जावेत म्हणून ती एकदोनदा धुऊन घ्यायची. आमच्या सोसायटीत चौथ्या मजल्यावर राहणाऱ्या कोकणातल्या एका गृहस्थांच्या गावच्या घरी सोडणांचा ढीग पडवीला टेकलेला असतो. दर मे महिन्यात ते त्यावर आंघोळीचं पाणी तापवून येतात. मुंबईत परतल्यावर तेच सोडण, दळून, दाबून, प्लास्टिकात गुंडाळून, ते ऑनलाइन मागवतात आणि ‘डिलिव्हरी फ्री होती’ असं अभिमानाने सांगतात.

राहिलं कंपोस्ट. बार्थोलोम्यूंचा आग्रह असा की ते एकाच प्रकारचं नको, निदान पाच प्रकारची मिसळून घ्यावीत. एकात जे कमी ते दुसऱ्यात सापडतं. गांडूळखत, जुनं शेणखत, पालापाचोळ्याचं खत असे प्रकार आपल्याकडे नर्सरीत मिळतात. आणखी एक प्रकार मिळतो, तो फुकट. रोज शंभर किलोहून जास्त कचरा करणाऱ्या सोसायट्यांनी ओला कचरा शक्यतो आवारातच जिरवावा, असं २०१६च्या घनकचऱ्याच्या नियमांनी सांगितलं. त्यामुळे मोठ्या सोसायट्यांत खताची एक यंत्रणा असते, तिच्या उद्घाटनाचे फोटो असतात आणि तयार झालेल्या खताची पोती असतात. ती न्यायला मात्र कुणीच पुढे येत नाही. आपल्याच भाजीची देठं परत घरात आणायची म्हणजे माहेरी पाठवलेली सून हुंड्यासकट परत आल्यासारखं लोकांना वाटतं की काय, कोण जाणे. काकांनी दोन पोती मागितली तेव्हा कमिटीने एकमताने ठराव करून चार दिली.

या सगळ्याहून महाग वस्तू म्हणजे ऊन. ते नर्सरीत मिळत नाही. वांगं, टोमॅटो, मिरची यांना दिवसाला सहा तास तरी थेट ऊन हवं. पालेभाज्या तीन-चार तासांत भागवून घेतात. तेव्हा बियांचं पाकीट आणण्याआधी एका सुट्टीच्या दिवशी खडू घेऊन बाल्कनीत बसावं आणि ऊन कुठून कुठपर्यंत आणि किती वाजेपर्यंत येतं याच्या रेघा माराव्यात. घरच्यांना काळजी वाटेल, पण पुढचे पैसे वाचतात. एकच दिवस पाहून भागतही नाही. मुंबई-पुण्यात मेच्या मध्यापासून जुलैच्या अखेरीपर्यंत भर दुपारचा सूर्य डोक्यावरून किंचित उत्तरेला सरकलेला असतो आणि डिसेंबरात चांगलाच दक्षिणेला कलतो. म्हणून जूनमध्ये दक्षिणेची बाल्कनी सावलीत बसलेली दिसते आणि हिवाळ्यात त्याच बाल्कनीत ऊन घरात शिरतं. वास्तुशास्त्र मानणारे दक्षिणेच्या फ्लॅटला नाक मुरडतात. टोमॅटोने वास्तुशास्त्र वाचलेलं नाही.

बाल्कनीचं स्थानही मजेदार आहे. २०१६च्या रेरा कायद्याने कार्पेट एरियाची व्याख्या केली तेव्हा त्यातून बाल्कनी बाहेर ठेवली. पुष्कळ लोकांनी बाल्कनी खोलीत ओढून घेऊन या कायद्याच्या आधीच त्याला परस्पर उत्तर देऊन ठेवलं होतं. ज्यांची अजून मोकळी आहे त्यांनी तिथे शेती करावी, हे उत्तम. वेलांसाठी तर या शहराने स्वतःची रीत घालून दिलेली आहे: जमीन संपली की वर जायचं. वाफ्याच्या भिंतीकडच्या कडेला जाळी उभी करायची आणि काकडी, कारली, दोडका, घेवडा यांना तिच्यावर चढवायचं. एका चौरस फुटात काकडीचे दोन वेल सहज उभे राहतात. या एफएसआयसाठी कुणाची परवानगी लागत नाही.

आता पेरायचं काय? नवशिक्याने मेथीपासून सुरुवात करावी. मेथी हे उत्तेजनार्थ बक्षीस आहे. ते सगळ्यांना मिळतं. डब्यातलेच दाणे भिजवून पेरले तर तीन-चार दिवसांत हिरवं दिसतं आणि महिन्याभरात भाजी होते. कोथिंबीर थोडी मानी. धण्याच्या प्रत्येक फळात दोन बिया असतात, म्हणून धणे हाताने किंवा लाटण्याने रगडून दोन फाका करायच्या आणि मग आठ-दहा दिवस, कधी त्याहून जास्त, वाफ्याकडे अजिबात संशयाने पाहायचं नाही. पाचव्या दिवशी उकरून बघणाऱ्यांची कोथिंबीर जगात कुठेच येत नाही. मुळा चटकन उगवतो, मात्र सोळाच्या सोळा एकदम तयार होतात. म्हणून सगळी घरं एकाच रविवारी पेरायची नाहीत. दर दहा-पंधरा दिवसांनी एखादं घर पेरायचं. एक पीक निघालं की त्या घरात मूठभर कंपोस्ट घालून दुसरं लावायचं. मुळा उपटायचा राहून गेलाच तर त्याला फुलं आणि मग शेंगा येतात, त्यांची डिंगऱ्यांची भाजी होते. या पिकाने आळशी माणसाचाही विचार केलेला आहे. सहा इंच खोलीत लांब गाजर मात्र मागू नये. ते वाकतं आणि मालकाची लाज काढतं. कांदाही लावू नये. एका घरात सोळा कांदे बसतात आणि कांदेपोह्यांच्या घरात सोळा कांद्यांचं आयुष्य ते केवढं! तो विषय नाशिक जिल्ह्याकडे आणि निवडणुकांकडे सोपवावा.

या पद्धतीतली अवघड पायरी पेरणीची नाही, विरळणीची आहे. प्रत्येक खड्ड्यात दोन-तीन बिया टोकायच्या आणि उगवल्या की एकच ठेवून बाकीची रोपं कात्रीने जमिनीलगत कापायची. उपटायची नाहीत, शेजारच्याची मुळं हलतात. सांगायला सोपं. पण कात्री घेऊन वाफ्यासमोर बसलं की आजी म्हणते, “उगवलंय ना बिचारं, राहू दे की एका कोपऱ्यात.” आजोबा म्हणतात, “दोन्ही ठेवू, मग बघू.” घरातला प्रत्येक माणूस एकेका रोपाचा वकील होतो. शेतकरी विरळणी करतो तेव्हा त्याच्या डोळ्यासमोर हंगाम असतो. आपल्या डोळ्यासमोर फक्त ते रोप असतं. इथे सुतळी उपयोगी पडते. या घरात नऊ म्हणजे नऊ. दहाव्याबद्दल अपील नाही. कापलेली कोवळी पानं थालीपिठात घालावीत, म्हणजे घरातला विरोध मावळतो.

पाण्याचंही तसंच. पाईप लावून बाग भिजवण्यात जो राजेशाही आनंद आहे तो इथे मिळत नाही. बादलीभर पाणी उन्हात ठेवून भांड्याने रोपाच्या बुंध्याशी घालायचं, अशी बार्थोलोम्यूंची रीत. आपल्याकडे नळाला पाणी येण्याच्या वेळा पाहता बादली आधीच भरलेली असते. तेवढी एक पायरी वाचते.

आता शत्रू. पहिलं कबूतर. ते बी खातं, रोप तुडवतं आणि वाफ्यात अंडी घालून मालकालाच परकं करतं; जाळीशिवाय त्याला उपाय नाही. दुसरा मावा, तिसरी पांढरी माशी. दोघांनाही लिटरभर पाण्यात पाच मिली निंबोळी तेल आणि थोडा साबण घालून संध्याकाळच्या वेळी फवारलं की वचक बसतो. चौथा शत्रू सल्ला. वाफ्याचा फोटो सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकला की अर्ध्या तासात चहाचा चोथा, अंड्याची टरफलं, आंबट ताक, केळ्याच्या सालींचं पाणी, हळद आणि हिंग एवढं सुचवलेलं असतं. कुंडीवाला माणूस भिडेखातर हे सगळं एकाच कुंडीत घालतो आणि ते रोप पंचामृत पिऊन स्वर्गाला जातं. कशाने गेलं ते कुणालाच कळत नाही, म्हणून प्रत्येक सल्लागार निर्दोष सुटतो.

चौकोनांची खरी करामत इथे दिसते. काकांनी ठरवलं की प्रत्येक सल्ल्याला एक घर द्यायचं. घर क्रमांक ५ मध्ये मेथी आणि चहाचा चोथा. घर क्रमांक ६ मध्ये तीच मेथी, तेच पाणी, चोथा नाही. दोन्ही रजिस्टरवर. महिन्याभराने निकाल ग्रुपवर जाहीर. पहिल्या निकालानंतर सल्ले निम्म्यावर आले. आपलं म्हणणं खरं आहे की नाही हे खरोखरच कुणीतरी तपासणार, ही कल्पना मराठी माणसाला सहन होत नाही.

यात काकांनी नकळत कोल्हापूरचा वारसा चालवला. श्रीपाद दाभोलकर हे गणिताचे प्राध्यापक; त्यांनी ‘प्रयोग परिवार’ उभा केला आणि शेतकऱ्यांना सांगितलं की कुणाचं ऐकून नका करू, आपल्या तुकड्यावर करून बघा, मोजा आणि एकमेकांना सांगा. एका कुटुंबाला दहा गुंठे नीट वापरले तर पुरतात, ही त्यांची मांडणी. अमेरिकेत इंजिनिअर, महाराष्ट्रात गणिताचा प्राध्यापक. दोघांनीही झाडांकडे मोजपट्टी घेऊन पाहिलं आणि दोघांच्याही हातून झाडं वाढली. दहा गुंठे आणि सोळा चौरस फूट यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे, हे दादांनी आधीच सांगितलेलं आहे. पण करून बघायला गुंठा लागत नाही, एक फूटही पुरतो.

पैशाचं काय, हा प्रश्न शेवटी येतोच. काकांनी तोही सोडवला. चौरस फुटाचा भाव वीस हजार धरू. मुंबईत हा आकडा कुणाला जास्त वाटणार नाही. त्यावर सात टक्क्यांनी व्याज वर्षाला चौदाशे, म्हणजे महिन्याला एकशे सोळा रुपये. तेव्हा प्रत्येक घराने महिन्याला एकशे सोळा रुपयांची मेथी दिली तरच शेती परवडली. एवढी मेथी त्या घरात बसत नाही. काकांनी रजिस्टरात ‘प्रस्ताव कर्जपात्र नाही’ असा शेरा मारला, तारीख घातली, सही केली आणि उठून वाफ्याला पाणी घातलं.

हा हिशेब चुकीचा नाही, अपुरा आहे. बाजारातून आणलेल्या कोथिंबिरीच्या जुडीतली निम्मी आपण खातो आणि निम्मी फ्रिजच्या खालच्या कप्प्यात हळूहळू काळी होताना पाहतो. बाल्कनीतली कोथिंबीर आमटीपुरती चार काड्या खुडता येते आणि बाकीची तिथेच ताजी उभी राहते. दोन मिरच्या, सहा पुदिन्याची पानं, पोरांच्या डब्यापुरता पालक. बाजार जुडीने विकतो आणि स्वयंपाक चिमटीने होतो. मधलं अंतर हा चौकोन भरून काढतो. शिवाय तो टेबलावर ठेवता येतो, म्हणून गुडघे दुखणाऱ्यांनाही शेती करता येते. तणाला जागाच उरत नाही, म्हणून खुरपणी चहा होईपर्यंत संपते. आणि फसगत झालीच तर एका फुटाची होते. कुंडीवाल्याचा उत्साह एकदम सबंध मरतो. चौकोनवाल्याचा सोळाव्या हिश्शाने मरतो आणि पंधरा हिस्से पुढच्या रविवारपर्यंत जिवंत राहतात. नवशिक्यासाठी याहून मोठा पीकविमा नाही.

तेव्हा ज्यांना यंदा शेतीची लागण झाली आहे त्यांनी सोळा घरांचा विचार सोडून द्यावा. दोन बाय दोनचा एक खोका, चार घरं: मेथी, कोथिंबीर, मुळा, मिरची. यातलं काही ताटात पडल्यावर पुढची बारा घरं ठरवावीत. तोवर त्यांचे नकाशे काढून पाहुण्यांना दाखवू नयेत. जे अजून उभंच राहिलेलं नाही त्याची रंगीत चित्रं दाखवून लोकांना खूश करण्याचा धंदा या शहरात आधीपासून दुसऱ्यांच्या हातात आहे, आणि त्यांचा चौरस फुटाचा भाव आपल्या मेथीला कधीच मिळणार नाही.